मगदुमांच्या दुकानी किमान आकार कायम जाहला त्याची हकीकत

श्री जिनेश्वर प्रसन्न. श्री अंबाबाई समर्थ. जोतिबाच्या नावानं चांगभलं.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, चैत्री पौर्णिमा उलटून डोंगरावरचा गुलाल अद्याप खाली बसला नव्हता, ऐशा समयी करवीर क्षेत्री, मंगळवार पेठेत, राजश्री जिनेंद्र अण्णा मगदूम, तसबिरींस चौकट करणार, यांनी किरकोळ कामांचा गनीम जेर केला आणि दुकानी किमान आकार कायम केला, तो मजकूर यथास्थित लिहून ठेवावा ऐसी पेठेतील वडीलधाऱ्यांची आज्ञा जाहली. आज्ञा जाहली म्हणजे दूधकट्ट्यावर विषय निघाला. लिहिणाराने यातील निम्मे डोळ्यांनी पाहिले, निम्मे कानांनी ऐकिले, आणि जे पाहिले नाही व ऐकिलेही नाही, ते अंदाजाने खरे लिहिले आहे. थोर लढाया आजवर पुष्कळांनी लिहिल्या. परंतु 'दोनशे रुपये झाले' एवढे शब्द तोंडातून काढण्यास भल्या माणसास किती बळ लागते, हे कोणी लिहिले नाही, सबब हा खटाटोप.

राजश्री अण्णा वयाने एकावन्न, अंगाने सडपातळ, आणि हातास हुन्नर ऐसा की हिऱ्याची लेखणी काचेवरून एकदा फिरवावी आणि काच सरळ रेषेत दुभंगावी, आणि पट्टीचे चार कोपरे ऐसे जुळवावे की सांध्यात नख शिरू नये. दिवस मावळल्यावर काचेस हात लावू नये, हा तीर्थरूपांचा दंडक. आणि दिवस मावळण्याआधी जेवून मोकळे व्हावे, हा घरचा जैन आचार. सबब दिवस काय तो सकाळी दहापासून सायंकाळी सहापर्यंत, त्यात होईल ते होईल. ऐशा गुणवंत पुरुषास दैवाने एकच उणे दिले होते. त्यांच्या जिभेस 'नाही' म्हणता येत नसे, आणि कामाचे पैसे मागताना तीच जीभ टाळ्यास चिकटत असे.

या उण्याचा सुगावा साऱ्या शहरास होता. मग कोणी तळहाताएवढा देव घेऊन यावे, कोणी नुसती काच बदला म्हणावे, कोणी मागची निखळलेली कडी ठोकून मागावी, आणि कोणी चौकट घरची, खिळा घरचा, फक्त हातोडा अण्णांचा, ऐसा तह घेऊन पायरीवर उभे राहावे. सर्वांची रणगर्जना एकच. "दोन मिन्टाचं काम हाय की वो, अण्णा!" मग अण्णांनी हसावे, हातातले मोठे काम बाजूस सारावे, दोन मिनिटांच्या कामास पाऊण तास खर्ची घालावा आणि मोल विचारता 'द्या काय द्यायचं ते' म्हणावे. मग समोरच्याने जे द्यायचे ते द्यावे, म्हणजे बहुतकरून 'बरं हाय, येतो' एवढेच देऊन निघून जावे.

त्यात चैत्री यात्रा उलगडली. जोतिबाच्या डोंगरावरून उतरलेली रयत घरोघर जाण्याआधी अण्णांच्या दुकानावर चालून आली, आणि प्रत्येकाच्या हाती डोंगरावर घेतलेली एक एक बारकी तसबीर. तीन दिवसांत बावन्न जोतिबा दाखल जाहले. देवाच्या अंगावरचा गुलाल पुसू नये, काचेखाली तसाच राखावा, हा प्रत्येकाचा हट्ट. आणि राखता राखता अण्णांचा सदरा, चष्मा, हातोडा आणि दुपारचा दहीभात येथून तेथून गुलाबी जाहला. पेठेत लोक विचारू लागले, अण्णा, कुठल्या निवडणुकीत निवडून आला?

आता या मोहिमेचे मूळ कारण ऐकावे. अण्णांचा विवाह पंचवीस वर्षांमागे अक्षय तृतीयेस जाहला. त्या लग्नाची एक थोरली तसबीर, ज्यात अण्णांस दाट केस आहेत, ती कपाटामागे गुंडाळीत पडून होती. नवलाईच्या दिवसांत अण्णांनी घरातील समोरच्या भिंतीत एक चांगला जाड खिळा ठोकला, आणि 'उद्या चौकट करतो' ऐसे वचन दिले. तो उद्या काही उगवला नाही. त्या खिळ्यावर आधी दिनदर्शिका लटकली, मग छत्री, मग लेकीचे दप्तर. लेक नोकरीस पुण्यास गेली आणि मग नुसती किल्ल्यांची जुडी. साऱ्या करवीरच्या भिंती अण्णांनी सजविल्या आणि घरची भिंत उघडी राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सौभाग्यवती चंदनाबाई या बालवाडीच्या बाई. चाळीस पोरे एका बोटाने गप्प बसविणाऱ्या, मोजके बोलणाऱ्या आणि बोललेले करणाऱ्या. पंचवीस वर्षे त्यांनी त्या खिळ्याविषयी चकार शब्द काढला नाही, यातच सर्व आले. परंतु चैत्र वद्य चतुर्थीस त्या डबा घेऊन दुकानी आल्या, तो अण्णा कोणा एकाच्या लग्नाच्या तसबिरीची मागची कडी ठोकीत होते, फुकट. चंदनाबाई ते पाहत राहिल्या, आणि कडीवाला गेल्यावर त्यांनी फर्मान काढिले ते येणेप्रमाणे: "अक्षय तृतीयेला आपला फोटो त्या खिळ्यावर दिसला नाही, तर मी तो खिळा उपटून टाकणार. मग फोटोही नको आणि 'उद्या'ही नको." आवाज चढला नव्हता. अण्णांस त्यामुळेच अधिक भय वाटले. पंचवीस वर्षे उभा असलेला खिळा निघाला तर भिंतीस जे भोक पडेल ते लिंपता येणार नाही, हे त्यांस उमगले.

मग काचेच्या कपाटाआड खलबत बसले. चंदनाबाईंनी दुखणे एका क्षणात ओळखिले. मोठी कामे वेळ खात नाहीत, बारकी कामे दिवस खातात. सबब लहानात लहान कामासही दोनशे रुपये पडतील ऐसे सांगावे, म्हणजे ज्याची गरज खरी तो देईल आणि ज्याची नाही तो घरी हातोडा शोधील. तजवीज उत्तम. परंतु सांगावे कोणी? चंदनाबाई स्वतः गिऱ्हाईक होऊन समोर उभ्या राहिल्या आणि अण्णांकडून पाच वेळा सराव करविला. पाचही वेळा अण्णांची जीभ 'कमीत कमी'पर्यंत दौडत गेली आणि 'दोनशे'च्या खिंडीपाशी अडखळून 'तुम्हाला वाटेल ते' म्हणून परत फिरली. तेव्हा ठरले की जीभ चालत नाही, तर पाटी बोलेल.

येथे अण्णांनी आपली अक्कल चालविली आणि तेथेच घात जाहला. पाटीवर 'रुपये' हा शब्द त्यांस फार उघडा दिसू लागला, 'मजुरी' त्यांस टोचली. मग नजर पडली गल्ल्याखालच्या विजेच्या बिलावर, त्यावर छापिले होते 'स्थिर आकार'. काय अदबीचा शब्द! मागतो तर खरा, परंतु मागितल्यासारखा दिसत नाही. अण्णा हर्षभरित होऊन म्हणाले, लिहू या, 'किमान आकार रु. २०० फक्त'. चंदनाबाई बोलल्या, "फ्रेमच्या दुकानात आकार लिहिलात तर लोक मापच समजतील हो." अण्णांनी ते हसण्यावारी नेले. बायकोचे खरे ठरण्यास दोन दिवस लागतात, तोवर नवऱ्यास मुभा असते.

पाटीचे काम विश्वजित पेंटर यास नामजाद जाहले. त्याचे अक्षर मोठे आणि अभिमान त्याहून मोठा. त्याने पत्रा घेतला, निळा रंग दिला आणि पिवळ्या रंगाने 'किमान' हा शब्द ऐसा भरदार घातला की निम्मा पत्रा तेथेच सर जाहला, 'आकार' कसाबसा मावला, 'रु.' आणि 'फक्त' हे दोघे जागेअभावी धारातीर्थी पडले, आणि कोपऱ्यात अंग चोरून '२००' तेवढे उभे राहिले. अण्णांनी भीत भीत विचारता विश्वजित म्हणाला, "दोनशे म्हटल्यावर रुपयंच की, अण्णा. दुसरं दोनशे काय असतंय?" हे त्यासही पटले आणि अण्णांसही पटले. चैत्र वद्य सप्तमीस पाटी दुकानावर चढली.

समोर दूधकट्टा, म्हशी उभ्या करून धारोष्ण दूध विकण्याची जागा. त्याचे ठाणेदार जोतीराम पैलवान, एके काळचे नामांकित मल्ल, सांप्रत म्हशींचे धनी आणि पेठेतील सर्व वादांचे न्यायाधीश. पाटी पाहताच त्यांनी दुधाचे माप खाली ठेविले, रस्ता ओलांडिला, आणि जमल्या चौघांपुढे अर्थ सांगितला तो येणेप्रमाणे: "किमान आकार दोनशे. आकार म्हंजे माप. फ्रेमवाला आनि कशाचं लिवंल? दोनशे म्हंजे दोनशे मिलिमीटर, सुताराच्या टेपवर असतंय बघा. म्हंजे झाली एक वीत. वीतभर फोटू असंल तर आत जायाचं, न्हायतर घरला जायाचं. विषय संपला." आणि बोलून थांबले नाहीत. पायरीवर उभे राहून येणाऱ्या प्रत्येक तसबिरीस त्यांनी आपली वीत लावून दाखविली. पैलवानांची वीत म्हणजे सामान्य माणसाची सव्वा, सबब पुरता ऐवज असलेले दोघे तिघेही नापास जाहले.

अण्णांनी आतून हे ऐकिले आणि चूक दुरुस्त करावी म्हणून ते उंबऱ्यापर्यंत आले. तेथून त्यांनी पाहिले की तळहाताएवढे तीन जोतिबा घेऊन आलेले तिघे जण मुकाट माघारी वळत आहेत, आणि रागावत नाहीत, आणि 'दोन मिन्टाचं काम' म्हणत नाहीत, आणि आपल्याला 'नाही' म्हणावे लागत नाही. अण्णा उंबऱ्यावर क्षणभर थांबले. मग ते परत आत जाऊन बसले आणि त्यांनी पट्टी कापावयास घेतली. हे त्यांचे पातक. लिहिणारास अण्णांविषयी आदर आहे, तरी ते लपविता येत नाही.

पुढचे दिवस सुखाचे गेले. दुकानी ऐसी शांतता की भिंतीवरची घड्याळे ऐकू येऊ लागली. अण्णांनी आधीचे बावन्न जोतिबा हातावेगळे केले आणि वर्षभर तुंबलेली मोठी कामे ओळीने उडविली. लग्नाच्या तसबिरीसाठी त्यांनी फार दिवसांपासून दडवून ठेवलेला माउंटचा, म्हणजे चौकटीच्या आत तसबिरीभोवती बसवावयाचा, पुठ्ठा बाहेर काढिला. दुधाळ रंगाचा, एकच ताव उरलेला, तसा पुन्हा बाजारात आला नाही. तो त्यांनी टेबलावर मांडिला, त्यावरून हात फिरविला आणि वैशाख शुद्ध द्वितीयेचा दिवस त्या कामास मुक्रर केला.

मध्यंतरी उचगावहून एक चढाई आली ती सांगितली पाहिजे. धोंडुबाई म्हणून उचगावची खमकी बाई, घरात भाजीची पाटी आणि गल्लीत शब्दाला वजन. तिचा जोतिबा पैलवानांच्या वितीत बसला नव्हता. ती गेली ती रडत बसली नाही. तिने गल्लीतली अकरा घरे पालथी घातली, अकरा घरचे अकरा बारके जोतिबा एका ताटात गोळा केले आणि दशमीस रिक्षा करून दुकानी आली. "बारकं चालत न्हाय म्हनं? मग घ्या आता. समद्या गल्लीचं एकाच चौकटीत बसवा. आनि पैलवानाला म्हनावं, लाव तुझी वीत!" पैलवानांनी वीत लावली. तीन वेळा लावूनही अकरांची रांग पुरून उरली, तेव्हा त्यांनी 'नाद खुळा, मावशी' म्हणून मुजरा केला. मग मधला मान कोणाच्या जोतिबास यावरून गल्लीत दोन दिवस फोनाफोनी जाहली. अखेर जो सर्वांत जास्त गुलालाने माखलेला तो मधे, ऐसा निवाडा ठरला. चौकट एक आणि घरे अकरा, सबब प्रत्येक घरी एक महिना, आणि बारावा महिना अण्णांच्या दुकानी, ऐसी पाळी बांधली गेली. अण्णांस इतका आनंद जाहला की त्यांस वाटले, चूक जाहली तीच बरी जाहली.

द्वितीया उजाडली. अण्णांनी लग्नाची तसबीर उलगडली, चार कोपऱ्यांवर चार हातोड्या ठेवून ती सरळ केली, पुठ्ठ्यावर पेन्सिलीने खिडकी आखली आणि पाते हाती घेतले. इतक्यात धोंडुबाई आपली चौकट नेण्यास हजर. ती चौकट पाहून तृप्त जाहली, तिने पदराने काच उगाच एकदा पुसली, आणि मग निघता निघता सहज बोलली.

"अण्णा, एक इचारू? मी ताट घिऊन आलतो त्या दिशी माझ्या म्होरं एक म्हातारी आल्ती बघा. बावड्याची. बयाबाई म्हनली नाव. पदराच्या गाठीत मालकाचा फोटू, तिकिटाएवढा. मी पायरीवच हुतो. पैलवानानं वीत लावली आनि म्हनला, आज्जी, तुमचं मालक बसत न्हाईत हितं. म्हातारीनं फोटूकडं बघितलं आनि म्हनली, खरं हाय बाबा, ह्ये पयल्यापास्नंच बारकं. आनि गाठ मारून गेली की."

अण्णांच्या हातातले पाते जागीच थांबले. पैलवानांवर रागवावे तर पैलवान चुकले होते, लबाड नव्हते. लबाडी उंबऱ्यावरून परत फिरलेल्याची होती. अण्णांस स्वतःची लाज वाटली, आणि ती त्यांनी धोंडुबाईपासून लपविली नाही. समोर तसबिरीत दाट केसांचे अण्णा आणि मुंडावळ्या बांधलेल्या चंदनाबाई पाहत होत्या. हाती उद्याचा एकच दिवस उरला होता. तरी अण्णांनी पाते खाली ठेविले, दुकानास कुलूप घातले, आणि दुचाकीवर स्वार होऊन एकटेच कसबे बावड्याच्या मुलखात कूच केले.

बावड्यात शिरून चौकात पुसता एक गृहस्थ बोलले, "बयाबाई? कुनाची? ज्ञानूची व्हय? कंचा ज्ञानू, बारका ज्ञानू?" बारका ज्ञानू म्हणताच चौघांनी चार बाजूंनी वाट दाखविली. साखर कारखान्याचे गाळप संपून धुराडे निवांत होते. त्याच्या मागल्या आळीत दोन खोल्यांच्या दारी बयाबाई सुपात तांदूळ निवडीत होती.

अण्णांनी आपला हुद्दा सांगितला. बयाबाई मान वर न करता म्हणाली, "आलतो मी तुझ्या दुकानात. मोठ्या मापाचं दुकान हाय ते. आमचं मालक बारकं."

"आज्जी, ते माप न्हवतं," अण्णा उभ्या उभ्या बोलले. "ते पैसे होते. दोनशे रुपये. मला रुपये लिहायची लाज वाटली, म्हणून आकार लिहिलं. लोक चुकतायत हे मला दुसऱ्याच मिन्टाला कळलं होतं, तरी मी गप बसलो."

तेव्हा बयाबाईने सूप खाली ठेविले आणि अण्णांकडे नीट पाहिले. "म्हंजे पैशाला लाजलास आनि मानसाला मापलंस व्हय रं?"

अण्णांनी 'व्हय' म्हणून मान खाली घातली. मग बयाबाईने त्यांस बसावयास पाट दिला आणि पितळी पेल्यात ताक दिले, कारण बावड्यात रागावलेले माणूसही दारच्या पावण्यास कोरडे धाडीत नाही. अण्णांनी ताक प्यायले. मग तिने पदराची गाठ सोडिली. आत कैलासवासी ज्ञानूची तसबीर, त्याची जन्मातली एकटी तसबीर, कारखान्याच्या ओळखपत्रावरून सोडविलेली. अंगाने बारका, मिशा मोठ्या, आणि उजव्या खांद्यावर कारखान्याच्या गोल शिक्क्याचा चतकोर तुकडा. शिक्का पुसून देऊ काय, ऐसे अण्णांनी विचारिले. बयाबाई म्हणाली, "हात लावू नगंस. एकतीस वरसं राबलंय त्या खांद्यानं." अण्णांनी तसबीर पाकिटात घातली, पाकीट खिशात घातले आणि वरून हात ठेवून परतले. घरी पोचेतो दिवस मावळला, काच बंद जाहली, आणि द्वितीया हातची गेली.

रात्रीचे जेवण त्या घरी नसतेच. परंतु अण्णांनी चंदनाबाईंस सर्व हकीकत अथपासून सांगितली, उंबऱ्यावरून परत फिरल्याचेही सांगितले. चंदनाबाईंनी ऐकिले. 'मी म्हटलं होतं' हे त्या बोलल्या नाहीत. त्या एवढेच बोलल्या, "उद्या आधी त्यांचा फोटो करा." आणि किल्ल्यांची जुडी खिळ्यास अडकवून झोपावयास गेल्या. खिळ्याची मुदत वाढविली की नाही, हे विचारण्याचे धैर्य अण्णांस जाहले नाही.

वैशाख शुद्ध तृतीया. सण म्हणून पुठ्ठा-पट्टीची घाऊक दुकाने बंद. ज्ञानूच्या तिकिटाएवढ्या तसबिरीस भिंतीवर उभी करावयाची तर भोवती चांगला रुंद माउंट पाहिजे, आणि तो साधा नको; अण्णांचे मन साध्यावर बसेना. दुधाळ ताव एकच. त्यावर कालची आखलेली खिडकी. अण्णा बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिले आणि मग एकाएकी हसले. चौकटीचे काम करणारास रोज दिसणारी गोष्ट त्यांस त्या दिवशी नव्याने दिसली: लग्नाच्या तसबिरीसाठी खिडकी कापली की मधला तुकडा आपोआप मोकळा होतो, आणि तो काही लहान नसतो. अण्णांनी पाते चालविले. ज्या जागेत नवराबायको बसावयाची, त्याच जागेतून निघालेल्या पुठ्ठ्याच्या मधोमध त्यांनी एक तिकिटाएवढी खिडकी कापली, आणि तीत ज्ञानूस बसविले. भोवती रुंद दुधाळ अंगण, बाहेर काळ्याशार शिसवी रंगाची पट्टी, वर स्वच्छ काच. बारका ज्ञानू त्यात ऐसा बसला की दारातून येणारा दुसरीकडे पाहूच शकत नाही.

दुपारी, आदल्या दिवशी ठरल्याप्रमाणे, बयाबाई आली. पैलवानांनी रस्ता ओलांडून तिचे पाय शिवले आणि माफी मागितली. तिने त्यांच्या पाठीत एक धपका घातला आणि हिशेब मिटविला. मग ती आत येऊन चौकटीपुढे उभी राहिली. मग म्हणाली, "केवढं दिसाय लागलं की वो तुमी." हे अण्णांस नव्हते, काचेच्या आत होते.

मग डोळे पुसून ती व्यवहारावर आली. "किती झालं?"

अण्णा म्हणाले, असू द्या आज्जी. येथे खरी लढाई जुंपली. बयाबाईचा आवाज चढला, तो दूधकट्ट्यापर्यंत गेला. "का म्हनून असू द्या? ह्येनं जन्मात कुनाचा फुकाट च्या पेला न्हाय, आनि आता फुकाट भिताडाव लटकू म्हनतोस? उद्या गल्ली म्हनंल, बयाबाईचा मालक धर्मादाय हाय. माग पैसं. तोंडानं माग. मागितल्याबिगर द्यायाला मी काय देवाला दक्षिणा घालतोय व्हय?"

पायरीवर माणसे जमली. जोतीराम पैलवान पुढे, विश्वजित पेंटर ब्रशासह मागे, आणि चंदनाबाई, ज्या बालवाडीस सुटी म्हणून आल्या होत्या, त्या दारात. अण्णांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी एक बोट वर केले, पोरांस करितात तसे. मग अण्णांनी छाती भरून घेतली, आणि ज्या खिंडीतून त्यांची जीभ पंचवीस वर्षे परत फिरत आली, तीत ती शिरली आणि पलीकडे निघाली.

"दोनशे रुपये झाले, आज्जी."

"आता कसं!" म्हणून बयाबाईने कनवटीचे दोनशे काढून त्यांच्या हातावर ठेविले. पायरीवर चांगभलंचा गजर जाहला. अण्णांच्या अंगास घाम सुटला होता आणि तोंडावर हसू मावत नव्हते.

निघता निघता बयाबाईची नजर टेबलावरच्या लग्नाच्या तसबिरीवर गेली. ही कोणाची, ऐसे तिने पुसले, आणि आज पंचवीस वर्षे पुरी होऊनही ती भिंतीवर चढली नाही हे ऐकून तिने अण्णांस जे शब्द ऐकविले ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. मग तिने ज्ञानूची चौकट मांडीवर घेतली, दारात स्टूल ओढिले आणि जाहीर केले की हा फोटो चौकटीत बसेतो आपण हलत नाही आणि आत कोणासही सोडीत नाही. तिला अक्षर वाचता येत नव्हते. परंतु पाटीचा अंमल तिच्यासारखा पुढे कोणी केला नाही. कडीवाला आला, तो परत गेला. फुटक्या काचेची बाई आली, ती 'उद्या, आनि दोनशे रुपये' ऐसा खलिता घेऊन गेली. अखेरीस खुद्द जोतीराम पैलवान खिशातून आपले जुने बिल्ल्याएवढे पदक काढून अंग चोरीत पुढे सरकले आणि बोलले, दोन मिन्टाचं काम हाय.

"वीत लाव," बयाबाई म्हणाली.

पैलवान हात बघू लागले. तेव्हा आतून, काचेवरून मान न उचलता, अण्णांचा आवाज आला, "उद्या या, पैलवान. दोनशे रुपये पडतील." कोणी शिकविले नव्हते, कोणी बोट वर केले नव्हते. चंदनाबाई खुर्चीत बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडास लावून हसू दाबिले.

सायंकाळी सहास वीस मिनिटे असता चौकट पुरी जाहली. दोघांनी ती रिक्षात मधे धरून घरी नेली. अण्णांनी किल्ल्यांची जुडी काढिली. खिळा गंजला होता, डोके वाकले होते. अण्णा म्हणाले, नवा ठोकू काय? चंदनाबाई म्हणाल्या, नको, हाच. मग तसबीर चढली. खिळा हलला नाही. मग दोघे दिवस असता जेवले, आणि जेवताना दोघांचीही पाठ भिंतीकडे नव्हती.

दुसरे दिवशी विश्वजित पेंटरने शरमून पाटीच्या कोपऱ्यात एक बारके 'रु.' दाटीवाटीने बसविले. आणि त्याखाली चंदनाबाईंनी बालवाडीच्या गोल अक्षरात, स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: 'फोटो केवढाही चालेल.'

येणेप्रमाणे मंगळवार पेठेचे ठाणे हस्तगत जाहले, किरकोळांचा गनीम तहास आला आणि किमान आकार कायम जाहला, तो सांप्रत चालू आहे. पाटी वाचून जो तो आपापल्या कुवतीप्रमाणे समजतो, तरी अण्णांस आता तोंडाने सांगता येते. पहिला आकार बयाबाई भ्रतार ज्ञानू, राहणार कसबे बावडा, हिने भरिला, वैशाख शुद्ध तृतीया, रोख रुपये दोनशे. मागितले, तेव्हाच दिले.